कवापासनं, कसं, आणि आणखी कुणाला?

माझ्या मामेसासऱ्यांनी ज्याच्या पोटाची चौकशी केलेली नाही, असा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून सापडणं अवघड आहे. सापडलाच, तर तो नुकताच बदली होऊन आलेला असणार आणि मामांना त्याचा पत्ता अजून लागलेला नसणार. माणसं भेटली की एकमेकांना पाऊसपाणी विचारतात, मुलाबाळांची खुशाली विचारतात. मामा जुलाबांचं विचारतात, आणि तेही बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून नव्हे. उत्तर मिळेपर्यंत ते समोरच्याचा हात सोडत नाहीत.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. त्यांनी जत आणि आटपाडीकडच्या कोरड्या गावांतून आरोग्यसेवक म्हणून सगळी उमेदीची वर्षं काढली. विहिरीत औषधाची पावडर टाकायची, नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्याला पिवळा रंग येतो का बघायचं, आणि घरोघरी जाऊन कुणाला जुलाब-वांती आहे का विचारायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर त्यांनी माधवनगरला घर बांधलं. पावडर आणि नळी सरकारजमा झाली, विचारणं मात्र त्यांच्याकडेच राहिलं. गल्लीतले लोक त्यांना डॉक्टर म्हणतात आणि मामा दर वेळी ते दुरुस्त करतात. "मी डॉक्टर न्हाई. डॉक्टर औषध देतो. मी निस्तं विचारतो."

विचारायचे प्रश्न तीनच. कवापासनं? कसं? आणि घरात आणखी कुणाला? मामांचं म्हणणं असं, की या तीन प्रश्नांची खरी उत्तरं मिळाली तर निम्मं निदान झालंच. अडचण एवढीच, की दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर कुणी देत नाही. "माणूस खून कबूल करंल, पण कसं झालं ते सांगणार न्हाई," असं ते खेदाने म्हणतात. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीच्यांनी माझं शिक्षण विचारलं, गाव विचारलं. कोपऱ्यातून मामांनी विचारलं, "परवासाचा तरास हुतो का?" मी म्हणालो, थोडं मळमळतं. "खाली काय न्हाई ना?" मला प्रश्नच कळला नाही. माझ्या वडिलांना कळला, आणि त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. लग्न जमलं याचं मला अजून नवल वाटतं.

जुलाबांचे प्रकार मामा जेवतानाही समजावून सांगू शकतात, नव्हे, जेवतानाच सांगतात, कारण उदाहरणं समोर असतात. नुसतं पाण्यासारखं, वास नाही, रंग नाही, तांदळाच्या धुवणासारखं, तर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची शंका घ्यायची आणि एक मिनिट दवडायचं नाही. शेंब पडते, मुरडा येतो, रक्त दिसतं, ती आव. तिथे घरगुती उपाय करत बसायचं नाही. लहान मुलाला आधी उलटी, मग ताप, मग पातळ, असं असलं तर बहुतेक वेळा विषाणूंचं काम, आणि ते गोळ्यांनी आटोपत नाही, पाणी पाजत राहावं लागतं. दुसऱ्याच कुठल्या दुखण्यासाठी भारी गोळ्या सुरू केल्यावर पोट बिघडलं, तर दोष त्या गोळ्यांकडे जातो. परीक्षेच्या सकाळी होते ती हगवण वेगळी, ती पेपर हातात पडला की थांबते. हे सगळं ते वाटीकडे बोट दाखवत सांगतात. त्यामुळे आमच्या घरातून आधी तांदळाची पेज गेली, मग पातळ पिठलं गेलं, आणि मागच्या वर्षी त्यांनी मुगाच्या वरणाकडे नुसतं निरखून पाहिलं तेव्हा माझ्या मुलीने ताट सारलं. मामी म्हणतात, "आवं, निदान आमटीला तरी हात लावू नगा."

ही नजर त्यांना पुस्तकातून मिळालेली नाही. मामांचे वडील मेंढरं राखायचे. दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचे ते पाऊस तोंडावर आल्यावरच परत यायचे. लहानपणी मामा कळपाच्या मागे चालायचे, आणि वडिलांनी त्यांना एकच काम दिलेलं: खाली बघत चालायचं. कुठल्या मेंढराच्या लेंड्या टणक, कुठल्याच्या चिकट, कुठलं मेंढरू पातळ टाकतंय, हे संध्याकाळी वडिलांना सांगायचं. "मेंढराला कसं हाय म्हणून विचारता येत न्हाई, आन् ते खोटंबी बोलत न्हाई," मामा म्हणतात. माणसांत आल्यापासून त्यांची ही सोय गेली, याचं त्यांना मनातून वाईट वाटत असावं.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं ही शिक्षा आहे. एकदा आम्ही सगळे महाबळेश्वरला गेलो. लोक पॉइंट बघत होते. मामा स्ट्रॉबेरीवर क्रीम घालून देणाऱ्या गाडीमागची बादली बघत होते. गाडीवाल्याला त्यांनी विचारलं, हे पाणी कवाचं? तो म्हणाला, आत्ताचंच. मामांनी बादलीत हात घालून तळाची माती वर काढली आणि त्याला दाखवली. मग अर्धा तास गाडीशेजारी उभं राहून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला, "खावा, पण घरी जाऊन धुऊन खावा," असं अदबीने सांगत राहिले. शेवटी गाडीवाल्यानेच हात जोडले आणि नवीन पाणी आणलं. मामांनी मग त्याच्याकडून दोन बशा घेतल्या आणि मला म्हणाले, "चांगला माणूस हाय. फकस्त कुणी विचारत न्हाई त्याला."

हसायचं तेवढं हसून झालं, तरी लोणंद स्टेशनावरची एक सकाळ मला विसरता येत नाही. आमची गाडी उशिरा होती. फलाटावर एक बाई मांडीवर वर्षाचं पोर घेऊन बसली होती. पोर रडत नव्हतं, म्हणून मामा थांबले. मला वाटलं, गप्प पोर बघून कुणाला बरंच वाटेल. मामा सरळ खाली बसले आणि त्यांनी त्या परक्या पोराच्या पोटाची कातडी दोन बोटांत धरून सोडली. बाईने हात उगारला. मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते त्या कातडीकडे बघत होते. ती लगेच खाली बसली नाही, चिमटीचा उंचवटा तसाच राहिला आणि सावकाश मावळला. डोळे आत गेलेले, तोंड कोरडं. "बाय, कवापासनं?" बाई घाबरून म्हणाली, "कालच्या सांजंपासनं. पाणी दिलं की परत जातंय, म्हनून पाणी बंद केलंय." मामांनी पिशवीतून ओआरएसची पुडी काढली, लिटरच्या बाटलीत कालवली, आणि चमच्याने, एक चमचा, थांबा, परत एक चमचा, असं पाजत बसले. आमची गाडी आली आणि गेली. मामांनी रिक्षा करून त्या दोघांना सरकारी दवाखान्यात पोचवलं. वाटेत पोर रडायला लागलं, तेव्हा मामा म्हणाले, "आता बरं वाटलं."

अशा माणसाच्या घरी जेवण असलं की काय होत असेल, याची कल्पना करता येईल. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या नातवाचं जावळ होतं. मटणाचं जेवण, दीड-दोनशे पानं. स्वयंपाकाला मिरजेकडचे मुलाणीचाचा होते. आमच्याकडच्या बहुतेक जेवणावळी त्यांच्याच हातच्या. मामांनी चाचांना मांडवात शिरायच्या आधी नळावर नेलं, नखं तपासली, आणि साबणाने हात धुवायला लावले. मग त्यांच्या दोन्ही माणसांचे हात. मग पुन्हा चाचांचे, कारण मधे त्यांनी पानाचा डबा उघडला होता. मटणाला हात लावायच्या आधी तिसऱ्यांदा. चाचा साठीचे गृहस्थ, गल्लीतली माणसं बघत होती. ते एवढंच म्हणाले, "डॉक्टर, नमाजालाबी मी इतकं धूत न्हाई." टँकरच्या पाण्याची परीक्षा झाली, पाणी पिवळं, म्हणजे औषध पुरेसं असलेलं आलं, आणि मामांनी ती काचेची नळी पाहुण्यांना दिसेल अशी तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवली. ती त्यांनी या दिवसासाठी विकत आणली होती.

मामांच्या घराण्यात जावळाच्या दिवशी देवाला मलिदा करतात. गव्हाच्या पोळ्या कुस्करून गूळ, केळी आणि दूध घालून मळायचा, आणि तो घरातल्या थोरल्या माणसानेच मळायचा. हात उघडा हवा. हातावर धागा, अंगठी, चिंधी, काहीही चालत नाही. मामांनी तो पहाटे पाच वाजता पितळी पातेल्यात मळला आणि देवापुढे झाकून ठेवला. नैवेद्य जावळ काढून झाल्यावर, आणि जावळ काढायचं बाळाच्या मामाच्या मांडीवर. बाळाचा मामा फलटणहून यायचा, त्याची गाडी वाटेत बंद पडली, तो साडेबाराला पोचला. नैवेद्य दाखवून प्रसाद वाटेपर्यंत एक वाजला. वैशाखाचं ऊन, वर पत्रा. मी साताऱ्याहून निघालेलो, तो त्याहूनही उशिरा पोचलो. प्रसादाचं पातेलं रिकामं झालं होतं. मी सरळ पंगतीत बसलो आणि तीनदा मटण घेतलं.

चार वाजता पहिली उलटी झाली. साडेचारला मोरीपुढे रांग लागली. पोटात कळा, उलट्या, आणि मागोमाग जुलाब. खरं सांगायचं तर पहिला तासभर मामा फार सुखात होते. त्यांनी मोठ्या घागरीत ओआरएस कालवलं, प्रत्येकाच्या हातात पेला दिला, दोन म्हाताऱ्यांना सलाईनसाठी दवाखान्यात धाडलं, बंद करायच्या गोळ्या वाटत फिरणाऱ्या एका भाच्याच्या हातातून पाकीट काढून घेतलं. "जे जातंय ते जाऊ द्या. जेवढं जातंय तेवढं वरनं घाला." रात्रीपर्यंत सगळी बरी होतील, हे ते इतक्या खात्रीने सांगत होते की माणसं तेवढ्यानेच सावरत होती. झालंही तसंच.

पण पाच वाजेपर्यंत मांडवात कुजबूज सुरू झाली होती, आणि सगळ्यांच्या माना चाचांच्या भांड्यांकडे वळल्या होत्या. शेजारच्या एका गृहस्थांकडे पुढच्या आठवड्यात लग्न होतं. ते सर्वांदेखत चाचांना म्हणाले, "आमच्याकडं येऊ नका." मागून कुणीतरी म्हणालं, चाचांनी घेतलेलं आणखी एक लग्न आहे, त्या घरीही कळवून टाका. चाचा घासत असलेला हंडा तसाच धरून बसले. त्यांची दोन माणसं उठून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. एकदा माधवनगरात नाव गेलं की सांगली-मिरजेत ते पोचायला एक संध्याकाळ पुरते, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

मामा म्हणाले, "थांबा. विचारल्याबिगर न्हाई." त्यांनी वही घेतली, खुर्ची घेतली, आणि एकेकाला पुढे बोलावलं. कवा सुरू झालं? आधी उलटी का जुलाब? ताप? रक्त? मटण खाल्लं? पाणी कुठलं पिलं? दहा-पंधरा जणांचं ऐकून झाल्यावर त्यांनी पेन्सिल वर केली. "हे पाण्याचं न्हाई. पाण्याचं असतं तर आज कुणी पडलं नसतं, उद्या-परवा पडलं असतं. ताप न्हाई, आव न्हाई. तीन तासांत सुरू, आन् आधी उलटी. म्हंजे कुणाच्या तरी हातानं अन्नात काय तरी गेलं, आन् ते अन्न उबेला लय येळ राह्यलं." सगळ्यांनी पुन्हा चाचांकडे पाहिलं. हात म्हटल्यावर स्वयंपाक्याचाच हात आठवतो.

मग माळकरी असलेल्या दोन मावश्या पुढे आल्या. त्यांनी मटणाला स्पर्शही केला नव्हता, वरण-भात खाल्ला होता, आणि दोघींना उलट्या झाल्या होत्या. मामांनी लिहिलं. मग त्यांनी मला बोलावलं.

"जावईबापू, मटण?"

"तीनदा."

"तरास?"

"काहीच नाही."

"वरण-भात?"

"खाल्ला."

"परसाद?"

"संपला होता, मामा. मी उशिरा आलो."

त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि पेन्सिल थांबली. वहीवर धरलेल्या डाव्या हाताकडे ते बघत राहिले. तर्जनीच्या नखाशेजारी लालबुंद सूज होती, मधे पिवळा ठिपका. नखुरडं. दोन दिवस त्याला मामींनी औषध लावून पट्टी बांधली होती, हे मला नंतर कळलं. पहाटे मलिद्याला हात घालण्याआधी मामांनी ती पट्टी सोडून ठेवली होती, कारण देवाच्या कामाला हातावर चिंधी चालत नाही. दारात उभ्या असलेल्या मामींनी तोंडाला पदर लावला.

त्या वेळी मामांनी वही मिटली असती तर काहीही झालं नसतं. प्रसादावर कुणी बोट ठेवणार नव्हतं. मागून एक म्हातारबा म्हणालेही, "देवाच्या परसादानं कुणाला काय हुत नसतंय, गड्या. मटणाचंच बघा." वाट मोकळी होती. मी तिथे उभा होतो आणि मला, खरं सांगतो, मामांनी त्या वाटेने जावं असंच वाटत होतं. सत्तर वर्षांचा माणूस, घरचं कार्य, सगळी सोयरीक मांडवात.

मामा खुर्चीवरून उठले. त्यांनी डावा हात वर केला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. "हे बोट बघा," ते म्हणाले. "पिकलेलं हाय. ह्याच हातानं मी मलिदा मळला. पाचाला मळला, एकाला वाटला. देवाचा दोष न्हाई आन् चाचाचा तर अजिबात न्हाई. तुमाला माझ्या हातानं झालं." मग ते शेजारच्या गृहस्थांकडे वळले. "लग्नाला चाचालाच बोलवा. नसंल तर मला बोलवू नका."

चाचा हंडा ठेवून उठले, मामांजवळ आले, आणि त्यांचा वर धरलेला हात त्यांनी धरून हलकेच खाली घेतला. "डॉक्टर," ते म्हणाले, "तुमी माझं हात तीनदा बघितलं. मी तुमचं एकदा बघाय पायजे व्हतं."

दोन्ही लग्नं चाचांनीच केली. बोट आठ दिवसांत बरं झालं. मामांचं विचारणं मात्र त्या दिवशी थांबलं. आधी ते दर रविवारी संध्याकाळी साताऱ्याला फोन करून आमच्या चौघांच्याही पोटाची वेगवेगळी चौकशी करायचे, मुलं फोन एकमेकांकडे ढकलायची, मी अंघोळीला गेलोय असं सांगायला लावायचो. तो फोन यायचा बंद झाला. दिवाळीला गेलो तर मामा जेवताना गप्प. पातळ पिठलं वाढलं होतं, त्यांनी ते कशाचंही उदाहरण न देता खाल्लं. माझ्या मुलीने मुद्दाम विचारलं, "आजोबा, हे कशासारखं दिसतंय?" ते म्हणाले, "पिठल्यासारखं." मला त्या पंगतीत बसवेना. ज्या माणसाच्या वर्णनांनी माझं निम्मं जेवण बंद पाडलं, त्याचं गप्प बसणं मला इतकं लागेल, असं मला वाटलं नव्हतं.

मागच्या रविवारी मीच फोन केला. म्हणालो, "मामा, जरा पोट बरं नाही."

मामा म्हणाले, "दवाखान्यात दाखवा."

"तुम्ही विचारा ना आधी."

मग हळू आवाजात, "कवापासनं?"

"सकाळपासून."

"कसं?"

"पाण्यासारखं. सात वेळा."

"ताप? रक्त?"

"नाही."

"लघवीला शेवटचं कवा गेलता?"

याची तयारी मी केली नव्हती. म्हणालो, आत्ताच. "भरपूर?" "हो, भरपूर." मामा म्हणाले, "जावईबापू, सात येळा पाण्यावानी गेलेल्या माणसाचा आवाज असा खणखणीत नसतो, आन् त्याला लघवी भरपूर हुत न्हाई. तुमाला काय झालेलं न्हाई."

"नाही झालं," मी कबूल केलं.

"मग फोन कशाला केला?"

"तुम्ही विचारत नाही म्हणून."

आतून मामींचा आवाज आला, कुणाचा फोन? मामा त्यांना म्हणाले, "साताऱ्याचा. बरी हायती सगळी." मग ते पुन्हा माझ्याशी बोलायला लागले. "पुड्या हायत का घरात? दोन आणून ठेवा. एक पुडी, एक लिटर पाणी, दुसऱ्या दिवशी उरलं तर टाकून द्यायचं. आन् कालवायच्या आधी हात धुवा." मग त्यांनी विचारलं, "नखं बघितल्यात का?"

मी खिडकीपाशी गेलो आणि दोन्ही हात उजेडात धरून दहाही बोटं नीट पाहिली. "बघितली, मामा," मी म्हणालो. "बरी आहेत."

"पोरांचीबी बघा," मामा म्हणाले, "मी थांबतो."